आधी उजेड बघा, मग कॅमेरा घ्या

तुळशीची लग्नं आटोपली की शहापूर-मुरबाडकडे मांडव उभे राहायला लागतात. भात झोडून घरात आलेलं असतं. चार पैसे हातात खेळत असतात. नेमकं याच दिवसांत घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, मला कॅमेरा हवा. मोबाइलचा नाही, खरा कॅमेरा.

मागणी वाईट नाही. हाताला कला लागते. पुढेमागे त्यातून कमाईही होते. पण शेतकऱ्याच्या घरात ही मोठी खरेदी असते. ती घाईत झाली तर पैसे जातात आणि पोराचा हिरमोड होतो तो वेगळाच. म्हणून कॅमेरा मागणाऱ्याने आणि पैसे देणाऱ्याने हे शेजारी बसून वाचावं.

पहिलं सांगणं असं की, अजून दुकानात जाऊ नका.

कुठला कॅमेरा चांगला, हे सगळेच विचारतात. त्याच्या आधीचं विचारायचं राहून जातं. तुम्ही फोटो कुठे काढणार? कोणत्या वेळी? आणि तिथे उजेड किती असतो?

आपल्याकडे हळद रात्री लागते. पावसाचे चार महिने आभाळ डोक्यावर उतरलेलं असतं. तानसाच्या जंगलात सकाळी आठ वाजले तरी झाडाखाली अंधारून असतं. जाहिरातीतले फोटो भरपूर उजेडात काढलेले असतात. तेवढा उजेड असला तर साधा मोबाइलही छान फोटो काढतो. कॅमेऱ्याचा कस लागतो तो उजेड कमी पडतो तिथे.

तेव्हा एक महिना थांबा. जो मोबाइल हातात आहे त्यानेच रोज फोटो काढा. शेतावर, ओट्यावर, आठवडी बाजारात, नातेवाइकांच्या लग्नात. एक गोष्ट मात्र पाळा. फसलेले फोटो पुसू नका. ते वेगळे जपून ठेवा.

महिन्याने ते फसलेले फोटो काढून बसा. रात्रीचे फोटो हललेले आणि दाणेदार आले असतील, तर तुम्हाला जास्त उजेड आत घेणारी लेन्स लागणार आहे. पक्षी ठिपक्याएवढा आला असेल, तर लांबचं जवळ आणणारी लेन्स लागेल. आणि फोटो स्वच्छ आलेत, पण बघावेसे वाटत नाहीत, असं असेल तर कॅमेरा घेऊन ते सुधारणार नाहीत. तिथे नजर तयार करायला हवी. ती मोबाइलवरही तयार होते. तसं झालं तर तुमचे पैसे वाचले असं समजा.

आता लग्नाचं बोलू, कारण आपल्याकडे बहुतेकांचा कॅमेरा शेवटी लग्नातच जातो.

हळदीच्या रात्री काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घराच्या आतल्या खोलीत एक दिवा. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गात बसलेली. बाहेर मांडवात लाल-निळे फिरते दिवे, हळदीची पूड उडतेय, माणसं नाचतायत. या दोन्ही जागी कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स अडखळते. तिच्यावर १८-५५ असं लिहिलेलं असतं. ती वाईट नसते. दिवसा, अंगणात, घरच्या सगळ्यांच्या एकत्र फोटोला तीच लागते. पण पुढे ओढून ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ इतकं बारीक होतं.

एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं. त्याऐवजी एफ १.८ ची लेन्स लावली की नऊ ते दहा पट उजेड आत येतो. कॅननमध्ये ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स मिळते, निकॉनमध्ये ३५ मिलिमीटरची. आपापल्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी या आहेत. यांच्यात झूम नसतं. जवळचं हवं असेल तर आपणच दोन पावलं पुढे जायचं. ५० ची लेन्स लहान खोलीत अडचणीची वाटते, भिंतीला पाठ टेकली तरी पूर्ण माणूस मावत नाही. आपली घरं पाहता मला ३५ जास्त सोयीची वाटते.

म्हणजे हिशेब असा बसतो. महागडा कॅमेरा आणि साधी लेन्स यापेक्षा साधा कॅमेरा आणि ही छोटी लेन्स हळदीत जास्त कामाला येईल. दुकानदार आधी कॅमेरा दाखवतो. तुम्ही आधी लेन्सचं विचारा.

मांडवातल्या दिव्यांची एक खूण सांगून ठेवतो. फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि नवीन माणूस घाबरतो, कॅमेरा बिघडला म्हणतो. कॅमेरा ठीक असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे दिवे डोळ्याला स्थिर दिसले तरी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की बऱ्याचदा पट्टे जातात. नाचणारी माणसं थोडी हलतील. हलू द्या.

घरात मुलगी कॅमेरा मागत असेल तर तिचं जरा जास्तच मनावर घ्या. हळदीला, बांगड्या भरताना, नवरी सजताना आत सगळ्या बायका असतात. तिथे परका पुरुष कॅमेरा घेऊन आला की सगळ्या अवघडून बसतात. हे काम मुलगी चांगलं करेल. आणि धवलारणी आता थोड्याच उरल्यात. त्यांचे चेहरे कोणीतरी नीट टिपायला हवेत.

आता पैसा.

हातात पन्नास हजार असतील तर सगळे कॅमेऱ्यावर घालू नका. पस्तीस हजारांत काय बसतं ते बघा. नवा नाही बसला तर वापरलेला बघा. उरलेल्या पंधरा हजारांत छोटी लेन्स, एक जास्तीची बॅटरी, दोन मेमरी कार्डं आणि पावसाळ्यात कॅमेरा ठेवायची सोय करायची आहे. किमती सारख्या बदलतात, म्हणून आकड्यापेक्षा वाटणी लक्षात ठेवा. दहातले सात कॅमेऱ्याला, तीन बाकीच्याला.

हप्त्यावर घ्यायचं मनात असेल तर कॅलेंडर उघडून बसा. साठ हजारांचा कॅमेरा बारा हप्त्यांत घेतला तर महिन्याला पाच हजार. हप्ता बाराही महिने येतो. लग्नं बारा महिने नसतात. आषाढी एकादशीपासून चार महिने लग्नं बंद. पौषात बरेच लोक टाळतात. अधिक महिना आला तर तोही गेला. त्यातच जून-जुलैत बियाणं, खत, शाळेची फी. लग्नाचे पैसे मिळतील आणि हप्ता फिटेल हा हिशेब चैत्रात बरोबर वाटतो, श्रावणात मोडतो.

बिनव्याजी हप्ता असं सांगतात तेव्हा प्रोसेसिंग फी किती ते विचारा. खात्यात पैसे नसताना हप्ता आला तर दंड किती ते विचारा. चुकलेल्या हप्त्याची नोंद राहते. उद्या घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागायला गेलात की ती समोर येते. आईचा दागिना तर मोडूच नका. कॅमेऱ्याची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते आणि दरवर्षी उतरत जाते.

अशा वेळी कोणीतरी दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देतो. धुंडिराज गोविंद फाळके म्हणजे आपल्या कसारा घाटापलीकडचे, त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या, १९१२ साली लंडनला गेले आणि तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. हे खरं आहे. पण त्याआधीचं कोणी सांगत नाही. ते तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले होते. गोध्र्यात स्टुडिओ चालवला होता. छपाईच्या धंद्यात हात बसला होता. वीसेक वर्षांची तयारी पाठीशी होती.

आणि लंडनलाही ते सरळ दुकानात शिरले नाहीत. 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे, कॅबर्न यांच्याकडे गेले. त्यांनी आधी नकोच म्हणून सांगितलं. नंतर या माणसाची तळमळ बघून मदत केली. परत आल्यावर फाळक्यांनी पहिलं काय टिपलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. महिन्याहून जास्त काळ थोडंथोडं टिपत ते रोप पडद्यावर वाढताना दाखवलं. ते बघून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. 'राजा हरिश्चंद्र' हा सिनेमा त्यानंतरचा, १९१३ चा. तेव्हा फाळक्यांचं नाव घेऊन गहाण टाकायचं असेल तर आधी त्यांच्यासारखी तयारी करा. जाणत्या माणसाला विचारा आणि परसातल्या रोपापासून सुरुवात करा.

जाणता माणूस लांब शोधायला नको. शहापूरला, मुरबाडला, किन्हवलीला, सरळगावला जुने फोटोवाले आहेत. त्यांना भेटा. एखाद्या लग्नात बॅग उचलायला येतो म्हणा. पैसे मागू नका. त्यांचा कॅमेरा हातात मिळाला तर पाच फोटो काढून बघा. वजन पेलतं का, बटणं सापडतात का, एका रात्रीत जे कळेल ते महिनाभर व्हिडिओ बघून कळायचं नाही.

कॅमेऱ्यांत आता दोन घरं आहेत. आत आरसा असलेला जुना डीएसएलआर आणि आरसा नसलेला नवा मिररलेस. कंपन्या आता नवीन लेन्स जास्त करून मिररलेसच्याच काढतात. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० बनवणं थांबवलं. म्हणून कोणी म्हणेल, डीएसएलआर घेऊच नका. मी तसं म्हणणार नाही. शिकायला आणि लग्नाला डीएसएलआर अजून पुष्कळ पुरेसा आहे, आणि वापरलेला स्वस्त मिळतो.

आपल्याकडे एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे, ती बॅटरी. डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीत एका चार्जिंगवर १५५० फोटो देते. कॅननचा १५००डी साधारण पाचशे देतो. सुरुवातीच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत हा आकडा तीनशेच्या आसपास येतो. हळदीच्या रात्री गावात वीज गेली आणि चार्जर नुसता भिंतीला लटकत राहिला की हा फरक कळतो. मिररलेस घ्यायचा तर बॅटऱ्या तीन धरा आणि त्यांचे पैसे आधीच हिशेबात घ्या.

मिररलेस घेतानाही बघून घ्या. व्हिडिओ करणाऱ्यांसाठी काढलेल्या काही कॅमेऱ्यांना डोळा लावून बघायची खिडकीच नसते. सोनीचा झेडव्ही-ई१०, निकॉनचा झेड३० हे त्यातले. घरात चालतात. भर दुपारी खळ्यावर उभं राहिलात तर स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसेल. उन्हात काम असेल तर खिडकी असलेलाच घ्या.

निकॉनचं आणखी एक. डी३५०० किंवा डी५६०० ला फोकस फिरवायची मोटर आतमध्ये नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी 'एएफ-डी' लेन्स कोणी स्वस्तात देऊ केली तर ती बसेल, फोटोही येईल, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. नाचत्या वरातीत ते जमत नाही. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं बघा.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत वीस ते चोवीस असतात. लग्नाच्या अल्बमला ते भरपूर झाले.

कुठला घ्यायचा हे ठरलं की मग बाजार. आपल्याकडच्या लोकांना मुंबईत फोर्टातला बोरा बाजार सोयीचा. आसनगावहून लोकलने थेट सीएसएमटी, तिथून चालत. मुरबाडवाल्यांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. जायच्या आधी दुकानात फोन करा. दिवस मोडून जायचं आणि दुकान बंद, असं नको.

एकटे जाऊ नका. पहिल्या दुकानात घेऊ नका. तीन ठिकाणी भाव विचारा, चहा प्या, मग ठरवा.

तिथे तुम्हाला दोन भाव सांगतील, बिलाचा आणि बिनबिलाचा. बिनबिलाचा कमी असतो, कारण कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. शिवाय काही माल कंपनीच्या अधिकृत वाटेने आलेला नसतो. त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. 'दुकानाची वॉरंटी' देतो म्हणतात. आसनगावहून दोन-अडीच तास लोकलने जाऊन दुकानदाराशी भांडायचं, एवढीच ती वॉरंटी असते. तेव्हा बिलाचाच घ्या. बिलावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या. तो नंबर कॅमेऱ्याच्या खालच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. सर्व्हिस सेंटर जवळात जवळ कुठे आहे तेही विचारा.

डबा समोर उघडायला लावा. बॅटरी घाला, स्वतःचं कार्ड घाला, चार फोटो काढा. ट्रायपॉड फुकट, बॅग फुकट, फिल्टर फुकट असं कोणी पुढे करेल. फुकटचा ट्रायपॉड पाहिजे तेव्हा वाकतो आणि कॅमेरा खाली येतो. त्याऐवजी भाव कमी करा म्हणा.

वापरलेला घेणार असाल तर आणखी वेळ काढा.

लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारा. आत पांढरे बारीक धागे किंवा धुक्यासारखा पडदा दिसला तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी नको. मग एफ १६ वर स्वच्छ आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे भावातून कमी करा. ओरखडा असेल तर सोडून द्या.

शटर किती वेळा पडलंय ते विचारा. सुरुवातीच्या कॅमेऱ्याचं शटर एक लाखाच्या आसपास चालेल असं धरतात. एका लग्नात दोन-अडीच हजार फोटो सहज निघतात. म्हणजे चाळीस-पन्नास लग्नं झाली की लाख भरले. निकॉनच्या फोटोतच हा आकडा लिहून येतो, संगणकावर वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तसा येत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तिथे विकणाऱ्याचा धंदा काय ते विचारा. लग्नवाल्याच्या कॅमेऱ्यापेक्षा हौसेने घेऊन कपाटात ठेवलेला बरा, फक्त बुरशी बघून.

मूळ बिल मागा. बिल हरवलं म्हणत असेल तर त्याच्याकडून सहीचा कागद आणि ओळखपत्राची प्रत घ्या. नाही म्हणाला तर उठा. चोरीचा कॅमेरा घरात आला की पोलीस तुमच्या दारात येतील.

आता पावसाळा. इथे जरा जास्त थांबतो, कारण आपल्याकडे कॅमेरे पडून फुटतात त्यापेक्षा ओलीने जास्त मरतात.

जून ते सप्टेंबर घरातली मिरची-हळदसुद्धा ओलसर होते. कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर बुरा चढतो. तोच बुरा लेन्सच्या आत काचेवर वाढतो. अंधार, ओल आणि बंद जागा त्याला मानवते. तुम्ही कॅमेरा जपायचा म्हणून त्याच्याच बॅगेत, कपड्यांच्या कपाटात, कुलपात ठेवता. म्हणजे बुरशीला हवी तशी जागा करून देता.

त्याऐवजी असं करा. स्वयंपाकघरात असतो तसा घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वर स्वच्छ कापड. त्यावर कॅमेरा आणि लेन्स, बॅगेतून बाहेर काढून. डब्यात ओल मोजायचं छोटं यंत्र ठेवा, हायग्रोमीटर म्हणतात. आकडा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहिला पाहिजे. साठच्या वर चढला की जेल वाळवायचं. जेल ओलं झालं की रंग बदलतो. निळं असेल तर गुलाबी होतं, केशरी असेल तर हिरवं. जुन्या पातेल्यात मंद आचेवर तापवलं की मूळ रंगावर येतं. ते पातेलं परत जेवणाला वापरू नका आणि जेल पोरांच्या हाती लागू देऊ नका.

डब्यात तांदूळ घालतात काही जण. घालू नका. ओल फारशी निघत नाही, पीठ मात्र लेन्सच्या कडेला शिरतं. चुलीच्या वर, कोरडी जागा म्हणून टांगूनही ठेवू नका. धुराचा चिकट थर काचेवर बसतो.

आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. पाऊस असला तरी पडवीत बसून दहा फोटो काढा.

माहुलीला, गोरखगडला, माळशेजला पावसात जायचा मोह सगळ्यांना होतो. जा. पण पहिल्या खरेदीत जे कॅमेरे बसतात ते पाणी सोसणारे नसतात. साधी मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या, तळाला लेन्सएवढं भोक पाडा, रबराने लेन्सच्या कडेला आवळा. हात मागून घाला. धबधब्याखाली कॅमेरा नेऊ नका, पिशवी असली तरी नाही. शेवाळलेल्या कातळावर डोळा खिडकीला लावून एकही पाऊल टाकू नका. आधी थांबा, मग फोटो काढा, कॅमेरा खाली करा आणि मग चाला. दरवर्षी आपल्या डोंगरांत माणसं घसरतात. फोटो पुढच्या पावसातही काढता येईल.

एसी गाडीतून किंवा हॉटेलातून एकदम दमट हवेत आलात तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा अर्धा तास बॅगेतच बंद राहू द्या.

उन्हाळ्यात आणि जत्रेत दुखणं धुळीचं. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो, तिथली धूळ तुम्ही पाहिली आहे. तिथे उघड्यावर लेन्स बदलायची नाही. निघतानाच एक लेन्स लावा आणि दिवसभर तिच्यावरच काम करा.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना थोडंच सांगतो. २०१४ साली तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसल्याची नोंद झाली. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं हा पक्षी कोणाला सापडला नव्हता. तो १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मग आपल्याकडे. तेव्हापासून त्याच्या फोटोची ओढ अनेकांना आहे. तुम्ही सुरुवात त्याच्यापासून करू नका. भातखाचरातला बगळा, तारेवरचा वेडा राघू, विहिरीवरचा खंड्या पुरे आहेत. त्यांना ५५-२५० ची साधी लेन्सही चालते. जंगलात जाताना वन विभागाची परवानगी घ्या. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, घरट्याजवळ जाऊ नका. धरणाच्या भिंतीचा फोटो काढायचा तर आधी चौकीवर विचारा. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तिथे पहारा असतो.

माणसांचा फोटो काढतानाही विचारायचं. लावणीला वाकलेल्या बायका, नदीवर धुणं धुणाऱ्या बायका, पाड्यावरची पोरं. मोठा कॅमेरा बघून माणूस दबतो आणि नाही म्हणायला कचरतो. म्हणून तुम्हीच आधी विचारा. होकार मिळाला तर फोटो काढा आणि त्याची एक प्रत छापून नेऊन द्या. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांतल्या कितीतरी घरांत म्हाताऱ्यांचा एकही धड फोटो नसतो. छपाईला फार खर्च येत नाही. या प्रतींसाठी थोडे पैसे दर महिन्याला बाजूला ठेवा.

पहिले सहा महिने स्वतःच्या नावावर लग्न घेऊ नका. लग्न पुन्हा लागत नाही, चुकलेला मुहूर्त परत घेता येत नाही. जुन्या फोटोवाल्याच्या हाताखाली दुसरा कॅमेरा म्हणून उभे राहा. मग स्वतःचं काम घ्या. ओळखीतलं असलं तरी किती पैसे, किती फोटो, कधी देणार हे कागदावर लिहा. थोडी रक्कम आगाऊ घ्या.

आणि लग्नाहून घरी आलात की कितीही झोप आली असली तरी आधी कार्डातले फोटो संगणकावर घ्या. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर. दोन्हीकडचे काही फोटो उघडून बघा, नुसती नावं दिसतात म्हणून समाधान मानू नका. दोन्ही प्रती नीट उघडल्या की मगच कार्ड पुसा. शक्य असेल तर नवरा-नवरीच्या हातात अल्बम पडेपर्यंत ते कार्ड तसंच ठेवा आणि पुढच्या लग्नाला दुसरं वापरा.